पीक जळतं ते कशानं?

आमच्या घरी बटाट्याला दोन नावं होती. घरात तो 'आलू' आणि हातगाडीवर 'बटाटा'. वडील बागवान. सोलापूरच्या गल्ल्यांतून भाजीची गाडी फिरवायचे. घरी आम्ही दखनी बोलायचो, गाडीवर मराठी. बटाट्याची पोती यायची ती पुण्याकडून. मंचर, खेड, तळेगाव ही गावं मी नकाशात पाहण्याआधी पोत्यांच्या गप्पांत ऐकली. एकदा मी अब्बांना विचारलं, आपल्या जिल्ह्यात बटाटा का पिकत नाही? अब्बा म्हणाले, "आलूकू हर हफ्ते पानी होना बेटा. यां तो आदमीकूच नै मिलता."

सोलापूरकरांना या वाक्यावर हसू येईल आणि लगेच नळाची पाळी आठवेल. पण आज मला बोलायचं आहे ते अब्बांच्या उत्तरात नसलेल्या गोष्टीबद्दल. पिकाला पाणी लागतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पाणी कमी असताना पिकाला खत द्यावं की देऊ नये? हा प्रश्न दिसतो साधा. आपल्या या कोरड्या मुलखात त्याचं उत्तर शोधायला निदान पन्नास वर्षं लागली. आणि ते उत्तर नीट न वाचल्यामुळे माझ्या मामूची दोन एकर जमीन गेली. वाचणारा मी होतो.

मामूचं गाव मंगळवेढ्याकडचं. सहा एकर रान. त्यातलं चार एकर खोल काळं, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल असं. उरलेलं दोन एकर बरड, वीतभर मातीखाली मुरूम. पीक एकच, शाळू. पाऊस उत्तरा-हस्ताचा पडायचा, जमीन पाणी पिऊन घ्यायची, वाफसा आला की पेरणी. मग थेट माघापर्यंत आभाळाकडे बघायचं काम नाही. खाली साठलेल्या ओलीवर ज्वारी उभी राहायची. खोल काळी माती मीटरभर असली तर दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी पिकासाठी धरून ठेवते. ती जमीन म्हणजे झाकण लावलेला हौदच. बरडात मात्र हौद नाही, तांब्याभर पाणी.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर सलग कमी पावसाची वर्षं आली. अशाच एका वर्षी मामूनं आयुष्यात पहिल्यांदा कर्ज काढून युरिया आणला. गोण्या आल्या तेव्हा पेरणी होऊन महिना उलटला होता. गोणीबरोबर कुणीतरी एक छापील पत्रक दिलं होतं. मामूला वाचता येत नव्हतं. मी दिवाळीच्या सुट्टीत तिथं होतो, अकरावीत शिकत होतो, कविता करायला लागलो होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. मामू म्हणाले, "पढ रे, कित्ता डालना लिखे सो?" मी पत्रकावरून नजर फिरवली, भारी जमिनीचा आकडा सापडला, हिशेब केला आणि सांगितलं, "एकरकू एक गोनी." पत्रक मी विटीदांडूच्या घाईत खुंटीला खोचलं.

मामूनं सहाही एकरांत हातानं युरिया फेकला. शेजारचे आण्णा बांधावर उभे होते. ते म्हणाले, "भाई, वरनं थेंब न्हाई आन् खत कशाला टाकता? जळंल की सगळं." पंधरवड्यात पानांचे शेंडे करपले. जिथं दाणे पोंग्यात अडकले तिथं पोंगे जळाले. काळ्या रानातली ज्वारी तरली, पण खताचा काही उपयोग दिसला नाही. बरडातली कणीस धरायच्या आतच वाळून कडबा झाली. कर्ज मात्र सहा एकरांचं. पुढच्या वर्षी ते दोन एकर विकले गेले. मामू शेवटपर्यंत म्हणत राहिले, खतानं खाल्लं.

खतानं पीक जळतं, हे नुसतं अडाणीपण होतं का? मला तसं वाटत नाही. या समजुतीमागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता, आणि तो अर्धा खरा होता. उरलेला अर्धा शोधण्याची गोष्ट सोलापूरच्या इतिहासाशी बांधलेली आहे.

आपला जिल्हा दुष्काळाचा जुना सोबती. १८७१ मध्ये शहराजवळचा एकरूखचा तलाव पुरा झाला आणि पाचच वर्षांनी, १८७६ मध्ये, पावसानं दगा दिला. १८७६ ते १८७८ च्या त्या दुष्काळात दख्खनच्या जिल्ह्यांची जी दैना झाली तीत सोलापूर पुढच्या रांगेत होतं. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन मोठे दुष्काळ एकामागोमाग आले. सरकारचं उत्तर ठरलेलं असे: खडी फोडा, तलाव खणा, कालवे काढा. दुष्काळ म्हणजे पाण्याची टंचाई, एवढाच त्याचा अर्थ होता.

मातीच्या भुकेबद्दल पहिल्यांदा ठळकपणे बोलला तो एक परदेशी रसायनशास्त्रज्ञ. डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले, वर्षभर देश फिरले आणि १८९३ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. हिंदी शेतकरी मागासलेला आहे ही कल्पना त्यांनी खोडून काढली. त्यांचं म्हणणं असं, की शेतकऱ्याला शेणाची किंमत कळते, पण त्याच्याकडे जळण नाही. सरपण मिळत नाही म्हणून शेणाच्या गोवऱ्या होतात आणि जे रानात जायचं ते चुलीत जातं. आपल्या माळरानाच्या मुलखाला हे किती लागू पडतं ते सांगायला नको. माझी अम्मी गोवऱ्या थापायची. भिंतीवर पाच बोटांच्या ठशांसकट वाळणाऱ्या त्या गोवऱ्यांत रानाचं नत्र वाळत होतं, हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग भाकरी कशावर भाजू?

त्याआधी, १८४० मध्ये, जर्मनीच्या लीबिगनं एक सिद्धान्त लोकांपुढे मांडला होता. पिकाला लागणाऱ्या अन्नद्रव्यांपैकी जे सर्वांत कमी असेल, त्यावर पिकाची वाढ ठरते. बाकीची कितीही ओतली तरी उपयोग नाही. कोरडवाहू मुलखात सगळ्यांनी धरून चाललं की इथं कमी आहे ते फक्त पाणी. मग खताचा विचार कशाला करायचा? पेंड आणि सोनखत बागायती उसाकडे गेलं. जिराईत रान उपाशी राहिलं.

या मुलखाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तो १९२३ मध्ये, पुण्याजवळच्या मांजरीला. ताम्हाणे आणि त्यांच्यानंतर एन. व्ही. कानिटकर या आपल्या माणसांनी तो केला. १९२६ मध्ये नेमलेल्या शाही शेती आयोगाचा अहवाल १९२८ मध्ये आला. कोरड्या, बेभरवशाच्या प्रदेशांकडे आजवर पुरेसं लक्ष गेलेलं नाही, हे त्यात मान्य केलं होतं. मग शेती संशोधनाची मध्यवर्ती परिषद स्थापन झाली आणि तिच्या पैशातून देशात पाच कोरडवाहू संशोधन केंद्रं निघाली: सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक. सोलापूरचं केंद्र १९३३ चं. ज्या शहराची ओळख गिरण्यांच्या भोंग्यांनी आणि चादरींनी होते, त्याच शहराच्या कडेला काही माणसं मातीत ओल कुठवर गेली ते मोजत बसली होती. याच दशकात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवड करून 'मालदांडी ३५-१' हे वाण निघालं. आजही शाळूची भाकरी म्हटली की मालदांडीचंच नाव निघतं.

या सगळ्या कामातून जी शिफारस झाली तिला 'मुंबई कोरडवाहू पद्धत' म्हणतात. बांध घाला, पाणी अडवा, काही वर्षांनी एकदा खोल नांगरा, ओळी लांब ठेवा, बी कमी पेरा, कोळपण्या करा, थोडं शेणखत घाला. आमच्याकडे एका कोळपणीला अर्धं पाणी म्हणतात, ते उगाच नाही. कोळप्यानं वरची माती मोकळी झाली की भेगा बुजतात आणि खालची ओल उडत नाही. पद्धत शहाणपणाची होती, पण तिनं उत्पन्न वाढायचं ते थोडंसंच. चार पायल्यांच्या जागी पाच झाल्या म्हणून कोण एवढी मेहनत करणार? शेतकऱ्यांनी बांध घेतले, बाकीचं सोडून दिलं. आता मागे वळून पाहिलं की कारण दिसतं. ओल वाचवली, पण वाचलेल्या ओलीवर भरपूर दाणा पिकवण्याइतकं अन्न मातीत नव्हतं. आणि जास्त शेणखत आणायचं कुठून? ते तर चुलीत.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. १९५१ मध्ये सिंद्रीचा खत कारखाना सुरू झाला, १९६० च्या दशकात तुर्भ्याचा. 'सुफला'च्या गोण्या गावोगाव दिसू लागल्या. पण हरितक्रांती झाली ती पाण्याच्या रानात. कोरडवाहू शेतकरी ती कुंपणाबाहेरून बघत होता. १९६८ मध्ये राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि १९७० मध्ये कोरडवाहू शेतीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. सोलापूर त्याचं एक केंद्र बनलं. दोनच वर्षांत बहात्तरचा दुष्काळ आला. तेव्हा मी दोन वर्षांचा. अम्मी मला पाटीजवळ कापडावर झोपवून खडी फोडायची आणि घरी मायलोची लाल भाकरी व्हायची. तो दुष्काळ पाहिलेल्या माणसाला शाळूच्या एका कणसाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

या नव्या कामात जुना प्रश्न पुन्हा विचारला गेला: कमी पाण्यात खत द्यावं का? उत्तर मिळालं, द्यावं. पण कधी, कुठं आणि कोणत्या रानात, हे आधी ठरवावं.

कधी, तर पेरणीबरोबर. रब्बीत नंतर पावसाचा भरवसा नाही. वरून फेकलेला युरिया कोरड्या मातीवर पडून राहतो. त्यातलं नत्र अमोनिया होऊन हवेत जातं आणि उरतं ते वरच्या सुक्या थरात. मुळं तर ओलीच्या मागे खाली गेलेली असतात. ताट माळ्यावर आणि जेवणारा तळघरात, अशी गत.

कुठं, तर ओल्या मातीत, बियाणाच्या जवळ पण थोडं खाली. त्यासाठी दोन चाड्यांची पाभर आली. एका चाड्यात बी, दुसऱ्यात खत. नळ्यांतून दोन्ही एकाच वेळी मातीत उतरतं. स्फुरदाला तर हे फारच महत्त्वाचं, कारण आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत स्फुरद टाकलं तिथंच अडकून बसतं. मुळाला त्याच्याकडे जावं लागतं.

आणि कोणत्या रानात? मध्यम जमिनीला हेक्टरी चाळीस किलो नत्र आणि वीस किलो स्फुरद, भारी जमिनीला साठ आणि तीस, अशी शाळूची शिफारस पुढे रूढ झाली. मातीची खोली म्हणजे हौदाची खोली. खोल रानात खत मिळालेलं रोप सुरुवातीलाच जोमानं मुळं सोडतं आणि वरचा थर सुकायच्या आत खालच्या ओलीपर्यंत पोचतं. पानांची सावली लवकर पडते, जमीन कमी तापते. पाणी तेवढंच, पण त्यातलं जास्त पाणी हवेत जाण्याऐवजी दाण्यात जातं. उथळ रानात नेमकं उलटं. जास्त नत्रानं पानं माजतात, तांब्याभर पाणी फुलोऱ्याआधीच पिऊन टाकतात आणि दाणा भरायच्या वेळी खाली काहीच उरत नाही. म्हणजे बांधावरचे आण्णा बरडापुरते अगदी बरोबर होते. पीक खरोखरच खतानं जळलं होतं. पण काळ्या रानातलं खत वाया गेलं ते वेळ चुकल्यामुळे.

हे सगळं मला फार उशिरा कळलं. बी.ए. झालो, नोकरीला लागलो, दोन संग्रह निघाले. एकदा मामूच्या घरी जुन्या ट्रंकेत ते पत्रक सापडलं. त्यांनी ते जपून ठेवलं होतं. वाचता न येणारा माणूस छापलेला कागद फेकत नाही. मी ते पहिल्यांदा पुरतं वाचलं. मी सांगितलेला आकडा बरोबर होता. त्याच्या वरच्या ओळीत लिहिलं होतं, पेरणीच्या वेळी पाभरीनं पेरून द्यावे. खालच्या ओळीत होतं, हलक्या जमिनीत मात्रा कमी करावी. दोन ओळी. दोन एकर.

मामू तेव्हा हयात होते. मी सांगितलं त्यांना. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तू बच्चा था." एवढंच. त्यांनी मला माफ केलं असेल, पण खताला केलं नाही.

आता पुन्हा अब्बांच्या आलूकडे येतो. शाळूचं मूळ ओलीच्या मागे मीटरभर खाली जातं. बटाट्याचं मूळ आळशी. त्याचा बहुतेक पसारा वरच्या फूट-दीड फुटात. म्हणून बटाट्याला ताण लगेच लागतो आणि गाठी धरायच्या सुमाराला लागला तर बटाटे गोट्यांएवढेच राहतात. आपल्या राज्यात बटाट्याचा अभ्यास जुना आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य आणि पुढे मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक झालेले डॉ. हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांबरोबर पश्चिम हिंदुस्थानातल्या बटाटा लागवडीवर १९२० च्या सुमारास मोठी पुस्तिका काढली होती. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर आजही खरिपात पावसाच्या भरवशावर बटाटा घेतात. पावसानं महिनाभर ओढ दिली की तिथंही तोच प्रश्न उभा राहतो: खत द्यावं का?

इथं पालाशचं महत्त्व येतं. पानांवर बारीक छिद्रं असतात, रोप त्यांतून श्वास घेतं आणि पाणीही गमावतं. ही छिद्रं उघडण्या-मिटण्याची कळ पालाशच्या हाती असते. पालाश पुरेसं असलं तर ताणात दारं वेळेवर मिटतात. पानात तयार झालेली साखर खाली कंदात पोचवायलाही त्याची मदत लागते. आपल्या काळ्या मातीत पालाश मुळातच बरं असतं, म्हणून शाळूच्या शिफारशीत ते नाही. बटाटा मात्र नत्राहूनही जास्त पालाश उचलतो, तेव्हा त्याला ते लावणीच्या वेळी द्यावंच लागतं. उलट नत्र एकदम ओतलं तर पाला माजतो, तहान वाढते आणि कंद मागे पडतात. म्हणून ते हप्त्यांनी, ओल बघून द्यायचं. पावसाचा मोठा खंड पडला तर मुळांना मातीतून अन्न उचलता येत नाही, अशा वेळी पोटॅशियम नायट्रेटची पातळ फवारणी पानांना तात्पुरता आधार देते. आणि या सगळ्याच्या बुडाशी हवं ते शेणखत, कारण उथळ मुळाच्या पिकाला वरच्या फूटभर मातीतच ओल धरून ठेवावी लागते.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. खत म्हणजे पाणी नव्हे. मातीत थेंबही नसेल तर कोणतंही खत पीक वाचवत नाही. खत करतं ते एवढंच, की असलेल्या पाण्याचं चीज होतं. दुकानात कुणी याहून जास्त सांगितलं तर गोणी खाली ठेवून घरी यावं.

सोलापूरच्या केंद्रावर १९८० च्या दशकाच्या मध्यापासून एक प्रयोग वर्षानुवर्षं चालवला गेला. शाळूला लागणारं नत्र काही वाफ्यांत नुसतं युरियातून, काहींत शेणखतातून, काहींत सुबाभळीच्या पाल्यातून, आणि काहींत निम्मं युरिया-निम्मा पाला असं दिलं. वीसहून अधिक वर्षांच्या हिशेबात निम्मं युरिया आणि निम्मा सुबाभळीचा पाला ही जोडी उत्पन्नातही सरस ठरली आणि मातीतला सेंद्रिय कर्बही तिनं राखला. व्होल्करच्या प्रश्नाला शंभर वर्षांनी मिळालेलं हे उत्तर मला फार आवडतं. शेण चुलीत जातं ना? मग बांधावर झाड लावा, त्याचा पाला रानाला द्या.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मामू ते पाहायला नव्हते. त्यांचा मुलगा आता ते चार एकर करतो. बैल गेले, ट्रॅक्टरची पेरणीयंत्रं आली, पण त्यांनाही दोन पेट्या असतात, एक बियाणाची आणि एक खताची. मागच्या हंगामात मी पेरणीला गेलो होतो. त्यानं आधी रानात चार ठिकाणी पहार घालून ओल किती खोल आहे ते पाहिलं. मग खिशातून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. त्याला वाचता येतं, चांगलं बारावीपर्यंत शिकलाय. तरीही म्हणाला, "भाईजान, जरा पढो. पूरा पढो."

मी पूर्ण वाचला. मोठ्यानं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. बांधापलीकडे ते दोन एकर बरड होतं. तिथं आता दुसऱ्याची तूर उभी होती.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)